तृप्तोऽस्मि

महालय पक्षाला आठ दिवस राहिले होते आणि नेमकी त्याच वेळी वेस्ट मांबळमच्या त्या गल्लीत साखर तपासणारी बाई आली. अन्नपूर्णाबाईला आधी तिचा रागच आला. वर्षभर गल्ली मोकळी पडलेली असते, तेव्हा कुणी फिरकत नाही, आणि ऐन हंगामाच्या तोंडावर ही छत्री घेऊन हजर. पण आतून ती तिचीच वाट बघत होती, हेही तितकंच खरं.

हंगाम म्हणजे श्राद्धांचा. अन्नपूर्णाबाईचा नवरा व्यासराज ब्राह्मणार्थाला बसायचा. कुणाच्या घरी बापाचं श्राद्ध असलं की त्या बापाच्या नावानं पाटावर बसून जेवणारं माणूस लागतं. ते माणूस व्यासराज. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे, फुकटचं जेवण. असं वाटणाऱ्यानं एकदा बसून पाहावं. आदल्या रात्री उपास. सकाळी उठून थंड पाण्यानं अंघोळ, ओलं धोतर, पायात वहाण नाही. सोवळ्यात चामडं चालत नाही, म्हणून तापलेल्या डांबरावरून अनवाणी. मग दुपारी दोनपर्यंत होमाच्या धुरात डोळे चोळत बसायचं आणि त्यानंतर जेवायचं. जेवायचं म्हणजे वाढतील तेवढं सगळं जेवायचं. नको म्हणता येत नाही, पुरे म्हणता येत नाही, चांगलं-वाईट बोलता येत नाही. खीर, वडे, गुळाच्या पाकातले अतिरस, तिळाचे लाडू, पुन्हा खीर. शेवटी यजमान हात जोडून संस्कृतात विचारतो, तृप्त झालात का? तेव्हा म्हणायचं, ‘तृप्तोऽस्मि.’ तो शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत मेलेल्या बापाचं वर्ष पुरं होत नाही. बावीस वर्षं व्यासराज तो शब्द म्हणत आला होता.

आणि त्याच घरांत चुलीपुढे अन्नपूर्णाबाई. तंजावरकडच्या मराठी माणसांची जी घरं मद्रासला नोकऱ्यांच्या मागे आली, तिथल्या सुनांना सोवळ्यातला स्वयंपाक झेपेनासा झाला होता. मग श्राद्धं चालवणारे पुरोहित, गुरुमूर्ती वाध्यार, दोघांनाही एकदमच सांगायचे. ती रांधायची, तो जेवायचा. गल्लीतली माणसं चेष्टेनं म्हणायची, या दोघांना बोलावलं की फक्त मेलेला माणूस आणायचा राहतो. महालयाच्या पंधरवड्यात रोज एक घर असायचं. एका दिवशी दोन श्राद्धं जेवता येत नाहीत, तो नियमच आहे. त्या पंधरा दिवसांत आलेल्या तांदळावर, डाळीवर आणि धोतरांवर त्यांचं पुढचं अर्धं वर्ष निघायचं.

गेले सहा महिने मात्र व्यासराजाचं काहीतरी बिनसलं होतं. एवढं जेवणारा माणूस, पण खांद्याची हाडं वर आली होती. धोतराचा एक वेढा जास्त बसायला लागला होता. पाण्याची तर गोष्टच सोडा. पितळी घागर ती सकाळी विहिरीवरून भरून आणायची, दुपारी पुन्हा भरायची, संध्याकाळी तिसऱ्यांदा. तिच्या खांद्याला घट्टा पडला होता. आणि मोरीत मुंग्या. घासून घासून राख संपली, तरी मुंग्यांची रांग मोरीच्या त्याच कोपऱ्याकडे, जिथे तो लघवीला बसायचा.

समोरच्या घरात तुळजाजी राहायचा. एका कचेरीत शिपाई होता, आता पेन्शनवर. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. साखरेनं गेला. ओट्यावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपली कथा ऐकवायचा, आणि ऐकून ऐकून ती सगळ्यांना पाठ झाली होती. पण त्यातलं एक वाक्य अन्नपूर्णाबाईच्या डोक्यातून जायला तयार नव्हतं. तो म्हणायचा, “अंगठा दुखला नाही बाई मजला. दुखला असता तर आधीच गेलो नसतो काय डॉक्टराकडे?”

तुळजाजीच्याच ओट्यावर ती बाई बसली. विजयलक्ष्मी तिचं नाव. किडकिडीत, पांढरं पातळ, कपाळावर घामानं ओघळलेलं कुंकू. जवळ एक पत्र्याची पेटी. पेटीत स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या आणि बाटलीभर निळं औषध. पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाची लघवी तपासायची, असं तिला आरोग्य खात्यानं वरून सांगितलं होतं. नळीत निळं औषध घ्यायचं, आठ थेंब टाकायचे, उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, मग विटेसारखं लाल, तसतशी साखर जास्त.

गल्लीनं तिचा नुसता जीव घेतला. एका घरानं पाच माणसांच्या पाच बाटल्या पाठवल्या, पाचांतही आजोबांचीच. एकानं विहिरीचं पाणी भरून पाठवलं. कोपऱ्यावरच्या सुब्बा दूधवाल्यानं तर आधी विचारलं, हे पुढे कुणाला विकणार? ती बिचारी घरोघर तेच तेच सांगत फिरत होती, जेवल्यावर दोन तासांनी घ्या, जेवल्यावर दोन तासांनी. अन्नपूर्णाबाईलाही तिनं दोन बाटल्या दिल्या आणि तेच तीनदा सांगितलं.

व्यासराजानं बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सांजेची संध्या आटोपून पाट उचलत होता. ती म्हणाली, उद्या जेवल्यावर दोन तासांनी द्यायची आहे. त्यानं पाट भिंतीला टेकवला.

“उद्या कोडंबाक्कमला श्राद्ध आहे. त्या दिवशी पोटात दुसऱ्याचे वाडवडील असतात, अगे. त्यांचं खाल्लेलं मी बाटलीत घालून दिव्यावर कढवायला देऊ?”

ती म्हणाली, मग परवा. परवाही श्राद्ध होतं. श्राद्ध नसेल त्या दिवशी तो मठात पारायणाला जायचा आणि सोवळ्यातच असायचा. ती म्हणेल त्या दिवसाला त्याच्याकडे कारण होतं. खरं कारण ती ओळखून होती. रोगी माणूस श्राद्धाला बसत नाही. अंगात व्यंग नको, जखम नको, रोग नको, असं शास्त्रातच आहे म्हणतात. गल्लीत एकदा साखरेचं नाव लागलं की गुरुमूर्ती वाध्यार दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला पाटावर बसवतील. बावीस वर्षं ज्यानं दुसरं काही केलं नाही, त्यानं मग काय करायचं?

पण तिच्या डोळ्यांपुढे तुळजाजीचा दुमडलेला, खोचलेला धोतराचा सोगा होता. सगळ्यांनी मिळून तिला वेड लावायचं ठरवलं होतं. शेवटी तिलाच एक युक्ती सुचली, आणि पुढे त्या युक्तीचा तिला जितका पश्चात्ताप झाला तितका आयुष्यात कशाचा झाला नाही. तीन दिवसांवर एकादशी होती. एकादशीला श्राद्ध होत नाही, चूल पेटत नाही. त्यांच्या घरात त्या दिवशी पाण्याचा थेंबही कुणी घेत नाही. पोटात कुणाचे वाडवडील नाहीत, अन्न नाही, सगळं स्वच्छ. तिला वाटलं, तपासायला याहून चांगला दिवस कुठला? जेवणानंतर म्हणाली होती ती बाई, हे तिला आठवत नव्हतं असं नाही. पण जेवणाचं शहरी माणसांसाठी असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

एकादशीला दुपारी व्यासराज कबूल झाला. त्यानं बाटली मोरीच्या कट्ट्यावर ठेवली, विहिरीवर जाऊन दुसरी अंघोळ केली आणि तिच्याकडे न बघता आत गेला. दोन्ही बाटल्या पदराखाली धरून ती मागच्या बोळानं तुळजाजीच्या ओट्यावर गेली. विजयलक्ष्मीनं विचारलं, जेवून दोन तास झाले ना? अन्नपूर्णाबाईनं मान डोलावली. नाही म्हटलं असतं तर बाटल्या परत आल्या असत्या, आणि व्यासराज पुन्हा कधी तयार झाला नसता.

नळीतलं निळं निळंच राहिलं. दोघांचंही. तिनं तिथेच भिंतीला टेकून डोळे पुसले. विजयलक्ष्मीनं चिठ्ठीवर लिहून दिलं, साखर नाही. ती चिठ्ठी व्यासराजानं पंचांगात ठेवली. त्यानंतर तिनं काही बोलायला तोंड उघडलं की तो पंचांग उघडायचा. पाणी फार पिता, ती म्हणायची. तो चिठ्ठी दाखवायचा. वाळला आहात, ती म्हणायची. पुन्हा चिठ्ठी.

पक्ष सुरू झाला. पहाटे विहीर, मग अंघोळ, मग ओल्या पातळानंच चालत किंवा रेल्वेनं कुणाच्या तरी घरी. ओली लाकडं, फुंकणी, डोळ्यांत धूर. नारळ खवून मनगट भरून यायचं. नैवेद्य होईपर्यंत चव घेता येत नाही, सगळा हाताचा अंदाज. तिचा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि त्याचंच तर नाव होतं. व्यासराज पाटावर बसायचा आणि तिनं केलेली खीर तिच्याच हातून वाढून घ्यायचा, एक पळी, दोन पळ्या, तीन. यजमान मागून म्हणायचा, वाढा, आमच्या अप्पांना खीर फार आवडायची. घरी आला की तो घागरीला तोंड लावल्यासारखा पाणी प्यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर विजयलक्ष्मी भेटली. तिची पेटी आता पुढच्या गल्लीत, पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळाच्या मंडपात होती, अमावास्येपर्यंत. अन्नपूर्णाबाईला राहवलं नाही. तिनं विचारलं, साखर नाही तर मग मुंग्या कशा येतात? विजयलक्ष्मीनं तिच्याकडे पाहिलं. कोणत्या दिवशी बाटली आणली होती, ते विचारलं. जेवण काय होतं, ते विचारलं. मग अन्नपूर्णाबाईला सांगावंच लागलं.

विजयलक्ष्मीनं हातातली छत्री विहिरीच्या कठड्यावर आपटली. “उपाशी माणसाची आणली? अम्मा, घसा फोडून तीन तीनदा सांगितलं मी. आटलेल्या विहिरीत पोहरा सोडून पाणी गोड की खारं ते मी काय सांगू?”

ती आपल्या तमिळमध्ये आणखी बरंच बोलली. काही माणसांची उपाशी पोटी दिसत नाही, जेवल्यावर उसळते, म्हणून तर दोन तास. तुमच्यासारख्यांमुळे माझ्या वहीतले सगळे आकडे खोटे होतात, आणि वर शिव्या मलाच. अन्नपूर्णाबाईनं सगळं खाली मान घालून ऐकलं. शेवटी ती बाईच दमली आणि म्हणाली, सरि, बरं, पुन्हा आणा, जेवल्यावर, मी आहे मंडपात.

पुन्हा आणा म्हणणं सोपं. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं व्यासराजाला सांगितलं, ती चिठ्ठी खोटी आहे, चूक माझी आहे, पुन्हा द्यायला पाहिजे. त्याचा आवाज कधी चढत नसे, तो चढला.

“शिक्का मारलेला कागद खोटा आणि तू खरी? पक्षाचे बारा दिवस राहिलेत. बारा दिवस तरी मजला जगू दे की.”

तिनं त्या दिवशी सगळ्यांवर राग काढला. घागरीवर, लाकडांवर, समोरून कुबडी टेकत येणाऱ्या तुळजाजीवर. रागाला धरायला कुणी नव्हतंच, कारण युक्ती तिचीच होती.

पाचव्या दिवशी आवडीला जायचं होतं. मांबळमला विजेच्या गाडीत बसून पार्क, तिथून रस्ता ओलांडून सेंट्रल, मग कोळशाच्या गाडीनं आवडी. कारखान्यातल्या हिशेबनीसाचं क्वार्टर. स्वयंपाकघर एवढंसं, चूल मात्र चांगली ओढत होती. गूळ किसून झाला तेव्हा तिचा हात थांबला. खिरीचं पातेलं एकच असतं, वेगळी वाटी काढता येत नाही. तिनं अर्धा गूळ टाकला. उरलेला पानाखाली सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मुद्दाम हात आखडला, आणि तोही मेलेल्या माणसाच्या खिरीत.

व्यासराजानं पहिला घास घेतला आणि डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं, म्हणून फक्त पाहिलं. मग पानातली सगळी खीर संपवली. यजमानानं विचारलं तेव्हा म्हणाला, ‘तृप्तोऽस्मि.’

घरची माणसं जेवायला बसली तेव्हा सुनेनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. पानाखालचा गूळही तिलाच सापडला. तिनं तो तळहातावर धरून सगळ्यांना दाखवला. गुरुमूर्ती वाध्यार तिथं काही बोलले नाहीत, पण परतीच्या गाडीत सगळ्यांसमोर बोलले. “अन्नपूर्णाबाई, गूळ न्यायचा होता तर मागायचा. पितरांच्या खिरीतून कशास?”

चोर ठरली ती. खरं सांगावं तर नवऱ्याचा पाट जातो, आणि न सांगावं तर ती चोर. तिनं पदर तोंडाशी धरला आणि खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर व्यासराज पाय धुता धुता म्हणाला, “बावीस वर्षांत आज पहिल्यांदा खोटं बोललो. तृप्त म्हटलं.” तिच्या अंगाची लाही झाली. इथे हाडं दिसायला लागली आहेत, आणि याला खिरीचं पडलं आहे.

नवमीला एग्मोरला घर होतं. यजमान राजगोपाल, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, बापाच्या बाबतीत फार काटेकोर माणूस. त्याची बायको अलमेलू गरीब स्वभावाची होती. मागच्या वर्षी तिनं अन्नपूर्णाबाईला जाताना जुनं पातळ दिलं होतं. स्टेशनपासून चालत जाताना व्यासराज जरा खुरडत होता. तिनं विचारलं, पायाला काय झालं? तो म्हणाला, काही नाही, काही दुखत नाही. तिला तुळजाजीचा अंगठा आठवला, पण रस्त्यात थांबून पाय बघायचा कसा? उशीर झाला होता आणि गुरुमूर्ती पुढे निघून गेले होते.

स्वयंपाकघरातून अंगण दिसत होतं. वडे तळायला घेतले होते आणि ती दारातून अधूनमधून बघत होती. अंगणात गोमयानं चौकोन सारवला होता. श्राद्धाच्या ब्राह्मणाचे पाय यजमानानं स्वतःच्या हातानं धुवायचे असतात आणि ते पाणी आपल्या डोक्यावर शिंपडायचं असतं. व्यासराज उभा राहिला, डोळे मिटून मंत्र म्हणत. राजगोपाल खाली बसला. अलमेलू तांब्यानं पाणी सोडत होती. उजवा पाय धुऊन झाला. डाव्याच्या टाचेवरून राजगोपालचा हात फिरला आणि थांबला.

त्यानं पाय उचलून बघितला. टाचेत काहीतरी चकाकत होतं. त्यानं दोन बोटांनी धरलं आणि ओढलं. चपलेच्या तळाला मारतात तसला खिळा बाहेर आला, चांगला बोटाच्या पेराएवढा. त्याच्यामागून पू आला, आणि मग काळपट रक्त. वास स्वयंपाकघरापर्यंत आला. खिळा किती दिवसांचा होता कोण जाणे.

व्यासराज मंत्र म्हणतच होता. त्याला कळलंच नव्हतं. डोळे मिटून, हात जोडून, एकही अक्षर न चुकता तो पुढे म्हणत चालला होता. अन्नपूर्णाबाईच्या हातातला झारा तेलात तसाच राहिला. वडे करपले. जन्मात ज्यानं पायात चामडं घातलं नाही त्याच्या पायात चांभाराचा खिळा, आणि त्याला तो दुखत नव्हता.

“थांबा,” राजगोपाल म्हणाला. “थांबा आता.”

व्यासराजानं डोळे उघडले. खाली बघितलं. यजमानाच्या ओंजळीत ते पाणी होतं, डोक्यावर घ्यायचं. राजगोपालनं ते कुठे टाकावं हे न कळून तसंच धरलं होतं. शेवटी त्यानं ते मोरीत टाकलं आणि साबण मागितला.

गुरुमूर्ती वाध्यार अनुभवी माणूस. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. व्यासराजाला हळूच म्हणाले, तुम्ही बाहेर ओट्यावर बसा. मग दर्भाची जुडी सोडली, मूठभर दर्भ घेऊन त्याला वेढा दिला, गाठ मारली आणि ती जुडी पाटावर ठेवली. ब्राह्मण मिळाला नाही तर दर्भाचा करतात, शास्त्राला ते चालतं. जुडीपुढे केळीचं पान मांडलं. व्यासराजाचं पान.

अन्नपूर्णाबाईला कुणी थांब म्हटलं नाही. श्राद्ध अर्धं सोडता येत नाही. तिनं करपलेले वडे बाजूला काढले, नवे तळले, आणि त्या मूठभर गवतापुढे भात वाढला, वरण वाढलं, खीर वाढली. मग दुसऱ्यांदा खीर वाढली, तिसऱ्यांदा वाढली. गवताला नको म्हणता येत नाही, आणि इतकी वर्षं नवऱ्यालाही येत नव्हतं. शेवटी राजगोपालनं हात जोडून विचारलं, तृप्त झालात का? उत्तर गुरुमूर्तींनी दिलं.

जुडीपुढचं पान गाईला घालायचं असतं. राजगोपालनं ते दारात आणून ठेवलं. ओट्यावर व्यासराज कालपासून उपाशी बसला होता, पायाला अलमेलूनं दिलेली चिंधी बांधून. गाईनं आधी अतिरस खाल्ले, मग खीर चाटली. तो बघत बसला. निघताना अलमेलू दारापर्यंत आली आणि म्हणाली, मामी, चुकून झालं असेल, मनाला लावून घेऊ नका. असं म्हणता म्हणता ती ओट्यावर शेणाचं पाणी शिंपडत होती.

परतताना तिनं त्याला रिक्षात बसवलं. सोवळं मोडेल म्हणाला नाही तो.

घरी चूल पेटवून तिनं साधा भात केला, वरण केलं, पानात वाढलं. जेवण झाल्यावर पुढ्यात बाटली ठेवली. “दोन तासांनी,” ती म्हणाली. व्यासराजानं बाटली हातात घेतली. चिठ्ठीचं नाव त्या दिवसापासून त्यानं काढलं नाही.

दोन तासांनी दोघं मंडपात गेली, तो तिच्या खांद्याचा आधार घेऊन. विजयलक्ष्मी पेटी आवरत होती. तिनं ती पुन्हा उघडली. नळी दिव्यावर धरली. निळं होतं ते बघता बघता हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेचा रंग आला, गढूळ, तळाशी बसणारा. विजयलक्ष्मीनं नळी त्याच्यासमोर धरली. रागावली नाही. उद्या सकाळी इस्पितळात न्या, म्हणाली, पाय दाखवा, आज न्यायला हवा होता. मग तिनं मागच्या पानावरची निळी नोंद शोधली आणि त्यावर काट मारली.

“तेरा दिवस,” अन्नपूर्णाबाई म्हणाली. “एकादशीपासून तेरा दिवस मी घालवले.” तिला स्वतःचाच राग आला. व्यासराज खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, “तू आणलीस म्हणून कळलं तरी.” पण त्यानं तिचं समाधान झालं नाही.

इस्पितळात टाच कापून साफ केली. पाय राहील, टाच भरायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जेवण मोजून, एवढीच वाटी भात, गूळ नाही, साखर नाही, केळं नाही. रोज सुई. पक्षाचे राहिलेले दिवस गुरुमूर्तींनी दुसऱ्या माणसाला दिले. रामस्वामी म्हणून कुणी होता, तिशीतला, चांगला जेवणारा. पण तिला मात्र निरोप आला, स्वयंपाकाला यावं. गुळाची गोष्ट व्यासराजानं स्वतः जाऊन वाध्यारांना सांगितली होती, काठी टेकत. काय सांगितलं ते त्यानं घरी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

ती गेली. जायलाच हवं होतं, आता घर तिच्या हातावर होतं. पहाटे विहीर, ओलं पातळ, चूल, धूर. रामस्वामीच्या पानात तिनं तीन पळ्या खीर वाढली आणि चौथीही. पूर्ण गुळाची.

सर्वपित्री अमावास्येला घरी यायला चार वाजले. व्यासराज तिची वाट बघत सोप्यावर बसला होता, पाय पाटावर लांब करून. सवयीनं अजून दुपारी दोनला त्याच्या पोटात खड्डा पडायचा. तिनं हातपाय धुतले, त्याच्यापुढे पान मांडलं. एक वाटी भात, चेपून न भरलेली. कारल्याची भाजी, पातळ वरण, ताक. त्यानं सावकाश खाल्लं. शितन् शित वेचून खाल्लं. पान इतकं स्वच्छ झालं की त्याच्या शिरा दिसायला लागल्या. मग तो पानाकडे बघत तसाच बसून राहिला, हात वर धरून.

तिचे दोन्ही खांदे दुखत होते. पंधरवडाभर कानावर पडलेला प्रश्न तिच्या तोंडून आपोआप निघाला.

“तृप्त झालात?”

त्यानं मान वर केली. शब्द त्याच्या ओठांवर तयारच होता, बावीस वर्षांचा. ओठ हललेसुद्धा. मग थांबले.

“नाही,” व्यासराज म्हणाला.

भाताचं पातेलं चुलीजवळ होतं आणि त्यात तिच्या वाटणीचा भात होता. दोघांनीही तिकडे पाहिलं.

“सरि,” ती म्हणाली, आणि वाकून तिनं पान उचललं.